चौदावा हात

आप्पा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. चौथा तास चालू होता, मुले फळ्यावरचे उतरवून घेत होती आणि दारात सदा पैलवान येऊन उभा राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण चौकटीच्या आत पाऊल टाकावे की नाही अशा संकोचात. मी बाहेर गेलो. "मास्तर, आप्पा गेलं," तो म्हणाला. "सकाळी आक्कांनी हाका मारल्या तर उठलंच न्हाईत. काल अमावास्या केली, हात धुतलं, जेवलं, आन् निजलं ते निजलंच…" वर्गातल्या मुलांना त्यातले काही कळण्यासारखे नव्हते. माझ्या अंगावर मात्र 'अमावास्या केली' या शब्दांनी काटा आला. त्या गोष्टीला आज सात आठवडे झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे, आणि हे लिहावे की नाही हे ठरवण्यातच त्यातले चार गेले.

दत्तूआप्पा मूळचे वडूजकडचे. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा लढाईचे दिवस होते आणि ते माधवनगरातल्या एका गिरणीच्या तालमीचे कारभारी होते. डाव शिकवणारे वस्ताद वेगळे. आप्पांचे काम पैलवान सांभाळण्याचे. गिरणीच्या शेठजींना कुस्तीची हौस होती. चौदा तरणे पैलवान वर्षाच्या करारावर ठेवायचे, त्यांना खुराक आणि पगार द्यायचा, आणि जत्रांच्या मैदानांत त्यांनी गिरणीच्या नावाने लढायचे, असा सगळा बेत. चौदा म्हणजे चौदाच. पंधरावा कितीही चांगला असला तरी त्याने कुणाची तरी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. करार लिहायला अक्षर चांगले असलेला माणूस हवा होता, म्हणून दर रविवारी आणि हजेरीच्या दिवशी मी सांगलीहून सायकलने तिकडे जाऊ लागलो. मी टाक-दौत मांडली की आप्पा समोर मांडी घालून बसत आणि म्हणत, "मास्तर, बाकीचं बारीक ल्ह्या. पोरगं पडल्यावर काय करायचं, तेवढं मोठ्या अक्षरात."

कारण पोरे पडत. विशी-बाविशीच्या मुलांचे खांदे निखळत, बरगड्या मोडत, गुडघे फिरत. हाडाला बरे व्हायला लागणारा वेळ आणि करारात दिलेला वेळ यांचा मेळ कधीच बसत नसे, आणि तो मेळ बसवणे हाच आप्पांचा सगळा कारभार. एकाचा खांदा उतरला होता तर आप्पांनी त्याला दीड महिना आखाड्याच्या कडेला उभे करून इतरांच्या चुका मोजायला लावले आणि शेठजींना सांगितले की तो वस्तादांच्या हाताखाली शिकतो आहे. दुसऱ्या एकाची बरगडी जुळेपर्यंत त्याला जोडच मिळत नाही म्हणून तीन मैदाने टाळली. शेठजी खुळे नव्हते. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "आप्पा, लंगड्या घोड्याला चंदी कोण घालतो?" आप्पा टोपी नीट करत म्हणाले, "घोडं न्हवं शेठ, पोरगं हाय त्ये. आन् तुमच्या नावावर लंगडं झालंय." शेठजी हसले आणि तो विषय त्या दिवसापुरता मिटला. तालमीबाहेरच्या कट्ट्यावर जागेची वाट पाहत बसलेला सदा मात्र हसला नव्हता. तो आप्पांच्याच गावाकडून आलेला, वीस वर्षांचा, अंगाने तयार. दीड वर्ष तो तसाच थांबून होता.

आमच्या तालमीची हजेरी वेगळी असे. सही येणारे पैलवान तिघेच, म्हणून कुणीतरी कधीतरी ही रीत पाडली होती. अमावास्येला मेहनत बंद. त्या दिवशी हौद्यातली तांबडी माती खालपर्यंत उकरायची, तीत ताक, तेल, हळद घालायची, फळीने सारखी करायची, आणि मग पटावरच्या प्रत्येकाने आपल्या क्रमाने कडेला उजवा पंजा उमटवायचा. दुपारी गिरणीचे दिवाणजी येऊन पंजे मोजत. तालमीत पायताण चालत नाही आणि दिवाणजींना बुटाचे बंद सोडायचा कंटाळा, त्यामुळे ते उंबऱ्याबाहेरूनच छत्रीचे टोक हवेत नाचवत एक, दोन, तीन असे म्हणत. जेवढे हात तेवढ्यांचा महिना मंजूर. करारात कलम होते, आणि ते मीच लिहिलेले होते, की लागोपाठ तीन अमावास्या ज्याचा हात मातीत पडणार नाही त्याचे नाव पटावरून कमी होईल.

बिरू हा माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडल्या एका वाडीवरचा. घरी मेंढरे. बाप नव्हता, आई धुळाबाई आणि तो. बिरूचे अंग काटक, कुस्ती चपळ, आणि उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला, लहानपणी लोकर कातरताना कातर बसली होती म्हणून. क्रमाने तो चौदावा. वैशाखातल्या एका जत्रेत समोरच्या पैलवानाने त्याला खाली घेतले तेव्हा त्याचा गुडघा असा वाजला की तो आवाज मैदानाच्या कडेला बसलेल्या मलाही ऐकू आला. त्याला गाडीत घालून वाडीवर पोचवले. वैशाखाची अमावास्या कोरी गेली. ज्येष्ठाचीही गेली. तेरा हात, आणि शेवटी एका पंज्याएवढी मोकळी माती. दिवाणजी म्हणाले, "आता एकच राहिली बरं का, आप्पा." बाहेर कट्ट्यावर सदा बसलेला होताच.

आषाढात आप्पा मला बरोबर घेऊन माणला निघाले. पेट्रोल मिळत नव्हते; मोटर कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंनी उतरून मागून चालायचे. आप्पांच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तालमीतल्या मातीचा एक मोठा गोळा होता. वाटेत दोनदा त्यांनी त्यावर पाणी शिंपडले. दहिवडीपासून पुढे पायी. तिकडे पाऊस नव्हताच; माळ पांढरा पडलेला. बिरू बाजेवर होता, गुडघ्याला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. आप्पांना पाहून तो कोपरावर उठला.

"आप्पा, माजी जागा गेली न्हाई न्हवं?"

"कोण घेतोय रं तुजी जागा? मी हाय न्हवं तितं."

"सदा बसला आसंल टपून. त्याला म्हणावं, माज्या जागंवर निजू नगंस. घोरतोस लय, माती उडती."

धुळाबाई चुलीपाशी होती, तीही हसली. मग आप्पांनी गोळा बाजेवर ठेवून फडके सोडले आणि बिरूचा पंजा त्यात दाबून घेतला, बोटे रुतेपर्यंत. मला वाटले, मातीला हात लागला म्हणजे कलम पाळले गेले, एवढेच आप्पांच्या मनाचे समाधान. गोळा पुन्हा नीट गुंडाळताना ते धुळाबाईला म्हणाले, "बाई, ह्याचा हात जवर तालमीच्या मातीत हाय तवर ह्याची जागा हाय. माजा शब्द." निघताना तिने आमच्या दोघांच्या हातावर गूळ ठेवला.

आषाढी अमावास्येला माती उकरून झाली, तेरा जणांनी तेरा हात उमटवले आणि ते जेवायला गेले. दिवाणजींच्या आधी मी तालमीत शिरलो. उन्हाचा एक पट्टा झरोक्यातून मातीवर पडला होता. मी सहज मोजले. चौदा होते… शेवटच्या पंज्याचा अंगठा बाहेर वळलेला होता. मी आप्पांकडे पाहिले. ते खांबाला टेकून तंबाखू मळत होते. "चौदा हायत न्हवं?" ते म्हणाले. "मग ल्ह्या की." दिवाणजी आले, छत्री नाचवली, चौदा म्हणाले, गेले. त्या महिन्याची बिरूची मनीऑर्डर धुळाबाईच्या नावाने गेली, आणि तिची पोहोच अंगठ्याच्या ठशासह परत आली.

मग दर अमावास्येला तो हात दिसू लागला. पैलवान मंडळी एरवी कुणाची पर्वा न करणारी, पण त्या कोपऱ्यात कुणी पाय ठेवीना. एकदा जेवताना त्यांचे बोलणे माझ्या कानावर आले. "बिरूचाच हाय रं त्यो." "पर बारका झालाय. बघितलास? पैल्यापरास बोटभर बारका." "खाटंवर पडल्यावर वाळंलच की गड्या." "हात वाळंल, पर हाडं लहान हुत्यात व्हय?" मग भाकरी मोडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी पुढच्या अमावास्येला मुद्दाम निरखून पाहिले. खरेच, तो पंजा बिरूचा होता आणि बिरूपेक्षा लहान होता. मी कलम लिहिणारा माणूस, मला विचारायला हवे होते. विचारले नाही. आप्पांनी इतक्या जणांच्या जागा राखल्या होत्या, ही जागा ते कशी राखतात हे कळले तर मला ते लिहून ठेवावे लागेल, अशी काहीतरी भीती वाटे. सदा मात्र एकदा म्हणाला, "मास्तर, मी जित्ता हितं बसलोय, आन् तिकडं नुसता हात पगार खातोय." त्याचे खोटे नव्हते.

माघातल्या अमावास्येला दुपारी मी करार नीट लावत होतो, तेवढ्यात तालमीच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगड्यांचा गठ्ठा. धुळाबाई. बायकांनी तालमीत यायचे नाही असा दंडक, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली, नेमकी दिवाणजी उभे राहतात त्या जागी. आप्पा लगबगीने पुढे गेले. "बाई, बिरूचं बरं हाय न्हवं?" तिने तोंड उघडले, आणि त्याच वेळी तिची नजर आत मातीकडे गेली. ती वाकून शेवटच्या पंज्याकडे पाहू लागली. मागून दिवाणजी छत्री घेऊन आले. "ही कोण?" आप्पा म्हणाले, "बिरूची आई." दिवाणजींनी हात मोजले, आणि या खेपेला थोडे थांबून विचारले, "आप्पा, सात-आठ महिने मी हात पाहतोय. माणूस कुठे आहे?" आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. बाहेरून धुळाबाई म्हणाली, "आला व्हता की सकाळच्या पारी. माज्यासंगंच आला. पाय दुखतोय म्हून निजलाय तिकडं." दिवाणजींनी वहीत चौदा लिहिले आणि ते गेले.

ते दिसेनासे झाल्यावर ती खाली बसली. "आवं, बिरूला जाऊन सा महिनं झालं," ती म्हणाली. "श्रावणात पाय काळा पडला, आन् चार दिसांत गेला. कुणाकडनं कळवायचं? पैसं येत व्हतं. मला वाटायचं, पैसं आलं म्हंजी तिकडं त्यो कुणाला तरी दिसतोय. आज सांगायला आलते, का बास करा आता…" आप्पा उंबऱ्याच्या आत, ती बाहेर. सहा महिने पोहोचेवरचा तो ठसा पाहून ते निर्धास्त होते. हाताच्या खुणेवर सगळा कारभार चालवणाऱ्या माणसाची तीच चूक झाली होती. मी पुढे होऊन तिला काही समजावणार, तोच आप्पांनी मला मागे सारले. तो हात कसा आला हे तिने विचारले नाही. तिने विचारले ते एवढेच, "परत कवा येईल?"

आप्पा म्हणाले, "फुडल्या अमावास्येला."

संध्याकाळी आप्पांनी मला कोठीच्या खोलीत नेले आणि एका डब्यातून तो हात काढून दाखवला. भाजलेल्या मातीचा, मनगटापर्यंतचा. बिरूने गोळ्यात उमटवलेल्या पंज्यात सांगलीच्या कुंभाराकडून माती भरून घेऊन भाजवलेला. भट्टीत माती आक्रसते, म्हणून तो लहान झालेला. मी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. तो कोमट होता, बहुधा खोलीतल्या उन्हाने. "त्यो बरा हुईल म्हून केलं मास्तर," आप्पा म्हणाले. "मेल्याल्याची हजेरी लावत हुतो, ह्ये ठावं नव्हतं." दुसऱ्या दिवशी ते स्वतः दिवाणजींकडे गेले, सगळे सांगितले, बिरूचे नाव कमी केले आणि सदाचे घातले. शेठजींनी त्यांच्याकडून करारांचे काम काढून घेतले. आप्पांनी तक्रार केली नाही. सांगलीला विधवा बहिणीकडे, आक्कांकडे, राहायला जाताना त्यांनी फक्त दोन पोती तालमीची माती मागितली. सदाने ती डोक्यावरून वाहून नेली. पुढे त्याने चौदावा हात उमटवला तो नेहमी एक वीत सोडून. ती वीत रिकामी ठेवा असे त्याला कुणीही सांगितले नव्हते.

आक्कांच्या परसात पेरूच्या झाडाखाली आप्पांनी हातभर लांबीरुंदीचा तुकडा त्या मातीने भरला. अमावास्येला ते तो उकरत, सारखा करत. दुपारी धुळाबाई येई, दर महिन्याला नाही, पण घोंगड्या घेऊन बाजाराला यायचे ते ती अमावास्या धरूनच. परसात जाऊन बसायची, त्या पंज्याकडे पाहायची, आक्कांनी दिलेला चहा प्यायची आणि मोटरीला जायची. मी कधी तिथे असलो तर मला तो प्रकार सहन होत नसे. एकदा मी आप्पांना म्हणालो, की हे बरे नाही, तिला खरे सांगून टाका. ते म्हणाले, "जागा राखतो म्हनून शब्द दिला हुता. पगार राखतो म्हनून न्हाई." गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती एकदा म्हणाली होती, "हात मोठा झाला माज्या लेकाचा." आप्पा मान खाली घालून पेरूची वाळकी पाने वेचत राहिले होते. मला वाटले, बाईच्या मनाला आता काहीही दिसू लागले आहे.

आप्पा गेल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला मी आक्कांकडे गेलो. धुळाबाईला काही कळलेले नसणार, ती आली तर कुणीतरी हवे, आणि मी मनाशी ठरवले होते की तो मातीचा हात तिच्या ओटीत घालून सगळे सांगून टाकायचे. डबा उघडला तर आत जुन्या धोतराच्या फडक्यात पाच तुकडे होते. आक्का म्हणाल्या, "तो तर फुटला, मागच्या दिवाळीच्या झाडलोटीत. माझ्याच हातून पडला. दत्तूने तुकडे वेचून बांधून ठेवले." मी परसात गेलो. त्या मातीत आप्पांनी अखेरच्या दिवशी केलेली खूण तशीच होती. आक्कांनी त्या बाजूला खराटा लावला नव्हता. मोठा, रुंद पंजा. अंगठा मुद्दाम बाहेर ओढून टेकवलेला. आणि मधले बोट उमटलेच नव्हते… तरुणपणी कुस्तीत मोडल्यापासून आप्पांना ते बोट सरळ करता येत नसे.

धुळाबाई दुपारी आली. आक्कांनी दारातच सांगितले. तिने गठ्ठा ओसरीवर उतरवला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि परसात आली. मी बाजूला झालो. ती त्या पंज्याजवळ बसली.

"ह्यो आप्पांचा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "तुम्हाला कधी कळलं?"

"वरीस झालं की. पयल्याच खेपंला. आईला हात कळत न्हाई व्हय मास्तर? आदीचा व्हता त्यो बिरूचा. कसा येत व्हता, त्ये मी इचारलं न्हाई, त्येंनी सांगितलं न्हाई."

"मग तुम्ही येत का होतात?"

तिने माझ्याकडे, एखाद्या अडाण्याकडे पाहावे तसे पाहिले. "मी न्हाई आले, तर त्येंनी माती कुणासाठी उकरायची?"

शेजारच्यांच्या कोंबड्या कुंपणातून आत आल्या होत्या. धुळाबाईने त्यांना हाकलले, भिंतीला टेकवलेली आक्कांची जुनी बांबूची पाटी घेतली आणि त्या हातावर पालथी घातली. वर एक दगड ठेवला. जाताना आक्कांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अशीच. फुडल्या अमावास्येला बघू." आक्का आता रोज त्या पाटीच्या भोवतीने झाडतात. मी आठवड्यातून एकदा तिकडे जातो, ओसरीवर बसतो, परसाकडे तोंड करून चहा घेतो. दगड तसाच आहे. पाटी उचलून खाली काय आहे ते मी अजून पाहिलेले नाही.